तीस वर्षांनी तोच अल्बम लावला आणि काहीच वाटलं नाही, असं का झालं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. 1994 साली तुम्ही अकरावीत असताना आतेभावाने नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम भरून दिला. ती कॅसेट तुम्ही वॉकमनवर झिजेपर्यंत ऐकलीत. 2007 च्या फेब्रुवारीत त्याच बँडचा रॉजर वॉटर्स मुंबईत बीकेसीत एमएमआरडीएच्या मैदानावर आला, तेव्हा तुम्ही तिथे होता. मग नोकरी, घर, मुलं, आणि कितीतरी वर्षं काहीच ऐकणं नाही. आता डोंबिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये चांगले इअरफोन घालून तोच अल्बम लावला, तर तो संथ, थंड आणि परका वाटला. तुम्ही विचारताय, अल्बम जुना झाला की मी? आणि नवं रीमास्टर घेऊ की फोर्टच्या फुटपाथवरची जुनी रेकॉर्ड?

मी गोरेगावात मास्टरिंगचं, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवण्याचं काम करते. गेली काही वर्षं त्यातलं निम्मं काम लोकांच्या घरातल्या जुन्या टेप आणि कॅसेट डिजिटल करण्याचं असतं. तुमच्यासारखं कोडं घेऊन येणारं कुणी ना कुणी दर महिन्याला भेटतं. कुणाला नाट्यसंगीताबद्दल पडलेलं असतं, कुणाला गझलेबद्दल, कुणाला आजोबांच्या कीर्तनाबद्दल. तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही सहज जाता जाता लिहिलंय आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही म्हणता, 'कॅसेटबरोबर वाजवताना गिटार नेहमी थोडी चढवून लावावी लागायची.'

तुमची कॅसेट जलद चालत होती.

कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. घरगुती डेकची मोटर, रबरी पट्टा, वॉकमनची बॅटरी यांतलं काहीही तो वेग दोन-तीन टक्क्यांनी सहज हलवतं. आतेभावाच्या डेकवर रेकॉर्डिंग करताना टेप हळू फिरली असेल, तर नीट चालणाऱ्या यंत्रावर तीच टेप चढी आणि जलद वाजणार. त्यात तुमचा वॉकमनही जलद असला तर दोन्ही चुका एकमेकींत मिळतात. तीन टक्के म्हणजे साधारण पाव स्वर, म्हणजे हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या बरोबर मधली जागा. अल्बमच्या पहिल्या गाण्यात, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये, गिटारवर एकटे येतात ते चार सूर, बी फ्लॅट, एफ, जी, ई, तुम्ही गिटारवर काढत असणार. नीट लावलेल्या गिटारवर ते कॅसेटशी जुळले नसतील, त्याचं कारण हेच. तीन टक्क्यांनी 44 मिनिटांचा अल्बम सव्वा मिनिट लवकर संपतो. सव्वा मिनिट ऐकायला थोडंच वाटतं, पण प्रत्येक ठेका, प्रत्येक श्वास तेवढा पुढे ओढलेला असतो. कोवळ्या वयात शेकडो वेळा तो वेग अंगात मुरल्यावर खरा वेग संथच वाटणार.

खात्री करून घ्यायची असेल तर घड्याळ लावा. पहिला सूर कानावर येतो तिथपासून शेवटचा विरतो तिथपर्यंत कॅसेटवर किती वेळ लागतो आणि फोनवर किती, हे मोजा. आमच्याकडे याहून नेमका उपाय असतो. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा विजेची बारीक घरघर उतरलेली असते आणि आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ. ती घरघर टेपवरून 52 वर ऐकू आली, तर टेप चार टक्के जलद आहे हे कळतं आणि तेवढा वेग मागे आणता येतो.

याच घरघरीने मला एक गोष्ट शिकवली. काही वर्षांपूर्वी पार्ल्याच्या एका घरातून कॅसेट आली. वडील वारले होते, ते घरी पेटीवर अभंग म्हणायचे, त्याचं रेकॉर्डिंग. टेप चार टक्के जलद होती. मी वेग दुरुस्त केला, पेटीचे सूर तपासले, सगळं काळी दोनवर व्यवस्थित बसलं. मुलगा आणि मुलगी ऐकायला आले आणि दोघांचेही चेहरे पडले. हा बाबांचा आवाज नाही, म्हणाले. जड झालाय, म्हातारा झालाय. मी बुचकळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईंना आणलं. त्या ऐंशीच्या पुढच्या. मी दोन्ही फाइल लावल्या, कुठली कुठली ते न सांगता. दुरुस्त केलेली सुरू होऊन दोन ओळी झाल्या असतील, तोच त्या म्हणाल्या, 'हे. हेच.' मुलांनी गेली पंचवीस वर्षं बाबांना त्या कॅसेटमधूनच ऐकलं होतं. आईंनी माणूस ऐकला होता.

मी त्यांना दोन्ही फाइल दिल्या. मुलांचं ऐकणं खोटं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तुम्ही त्या मुलांच्या जागी आहात. तुमचा प्रिय 'विश यू वेअर हिअर' म्हणजे 12 सप्टेंबर 1975 ला निघालेली रेकॉर्ड नव्हे, 1994 मध्ये आतेभावाने भरलेली कॅसेट. ती कुठल्याही रीमास्टरमध्ये सापडणार नाही. म्हणून कोणती आवृत्ती घेऊ याचं उत्तर देण्याआधी मीच तुम्हाला विचारते, की तुम्हाला कॅसेट परत हवीय की रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकायचीय? दोन्ही हवं असेल तरी चालेल. फक्त एकीकडून दुसरीची अपेक्षा केली की तुमच्यासारखं होतं.

आता लोकलबद्दल. हा अल्बम सुरू होतो तो जवळजवळ शून्यातून. रिक राइटच्या कीबोर्डचा एक जी मायनर, उदास छटेचा स्वरमेळ, हळूहळू वर येतो आणि बराच वेळ तिथेच थांबतो. त्यात पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासांच्या कडांवर बोट फिरवून काढलेले सूर मिसळलेत. घरातल्या वस्तूंपासून आख्खा अल्बम करायचा असा त्यांचा एक बेत आधी फसला होता, त्यातलं हे उरलेलं. डेव्हिड गिलमोरची गिटार येते दोन मिनिटांनंतर. ते चार सूर जवळजवळ चौथ्या मिनिटाला. माणसाचा आवाज येईपर्यंत साडेआठ मिनिटं होऊन जातात, म्हणजे तुमची गाडी मुंब्र्याच्या आसपास आलेली असते. डब्यातल्या आवाजात त्या पहिल्या दोन मिनिटांतलं जवळजवळ काहीच कानापर्यंत पोचत नाही. मग माणूस आवाज वाढवतो, पुढे ड्रम येतात तेव्हा कान दुखतात, आवाज कमी करतो, आणि शांत जागा पुन्हा हरवतात. वॉकमनचं कसं होतं, त्या कॅसेटवर सगळंच थोडं दाबलेलं, एका पातळीवर आलेलं असायचं. हलकं फार हलकं नाही आणि मोठं फार मोठं नाही. ती प्रवासात चालायची. स्वच्छ प्रत प्रवासात चालत नाही.

विलंबित ख्याल तुम्ही गाडीत ऐकाल का? ऐकणारे असतील, पण षड्ज लागून गाणारा त्यावर स्थिर होईपर्यंतचा वेळ ज्याला ऐकायचाय, तो बैठकीला बसतो. या अल्बमलाही बैठक लागते. हा अल्बम ज्या प्रकारातला, तो प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की लोकांना अवघड ताल आणि लांबलचक सोलो आठवतात. या अल्बममध्ये ते फारसं नाही. इथे अवघड आहे ती त्यांची घाई न करण्याची हिंमत.

वयाचं म्हणाल तर कान बदलतात हे खरं. पन्नाशीच्या जवळ आल्यावर 14-15 हजार हर्ट्‌झच्या वरचं बहुतेकांना ऐकू येत नाही. पण कॅसेटवरून भरलेल्या कॅसेटवर तितक्या वरचं मुळातच काही नव्हतं, आणि या अल्बमचा जीव तिथे नाहीच. तेव्हा कानांना दोष देऊ नका. गर्दीत समोरच्याचं बोलणं कळत नाही किंवा कानात सतत शिट्टी वाजते असं काही असेल तर मात्र एकदा ऑडिओग्राम, म्हणजे कानांची तपासणी करून घ्या, तो वेगळा विषय.

आवाजाची पातळी वयापेक्षा जास्त घोळ घालते. आवाज कमी असला की आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्यांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी याचे आलेख मांडले, आणि आम्ही आजही मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवलेलं रेकॉर्डिंग, ऐकताना ते ध्यानात ठेवतो. मुलं अभ्यास करतायत म्हणून हळू लावलेला 'शाइन ऑन' आणि अकरावीत कानात कोंबलेला 'शाइन ऑन' यांत बास गिटारच निम्मी गायब असते. संगीत थंड वाटलं की मी पहिल्यांदा हे तपासते.

आवृत्त्यांचा गोंधळ असा आहे. रीमास्टर म्हणजे 1975 मध्ये तयार झालेली दोन चॅनलची अंतिम टेप घेऊन तिची पातळी, तिचा रंग थोडा बदलणं. गिटार किती मोठी, आवाज किती मागे, हे त्यात बदलत नाही. रीमिक्स म्हणजे मूळ सुट्या ट्रॅकपर्यंत परत जाऊन सगळं नव्याने मांडणं. लोक या दोन्हींत गल्लत करतात आणि मग रीमास्टर घेऊन निराश होतात. 2011 चं रीमास्टर जेम्स गथ्रीच्या देखरेखीखाली झालं, तो ध्वनितंत्रज्ञ या मंडळींबरोबर त्यांच्या 'द वॉल' या अल्बमपासून काम करतोय, आणि ते काम मला प्रामाणिक वाटतं. तुमच्या फोनवर बहुधा तेच असेल. तेव्हा आणखी पैसे घालू नका. फोनच्या सेटिंगमध्ये मात्र जा आणि क्रॉसफेड बंद करा. एक गाणं विरताना त्यावर दुसरं चढवायची ती सोय या अल्बमची वाट लावते. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काही लागायची सोय असते, तीही बंद करा. का ते पुढे सांगते.

फुटपाथवरच्या रेकॉर्डबद्दल माझं मत थोडं सावध आहे. फाउंटनजवळ किंवा चोर बाजारात मिळणाऱ्या प्रती बहुतेक वेळा खूप वाजलेल्या असतात. रेकॉर्डची सुई मध्याकडे सरकते तसा खाचेचा तिच्याखालून जाण्याचा वेग कमी होतो आणि शेवटच्या मिनिटांत आवाज फाटायला लागतो. झिजलेल्या प्रतीत तर जास्तच. या अल्बमची सगळ्यात नाजूक जागा नेमकी तिथे आहे, दुसऱ्या बाजूच्या शेवटी. शिवाय रेकॉर्ड 'वेलकम टू द मशीन' नंतर उलटावी लागते. तुमच्या कॅसेटच्या एका बाजूत सगळे 44 मिनिटं बसले होते, त्यामुळे तुम्ही तो थांबा कधी अनुभवलाच नाही. काहींना तो आवडतो, मलाही आवडतो, कारण गिरगावात मामाकडे मी हा अल्बम पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकला आणि ती उलटायचं काम माझ्याकडे असायचं. तुम्हाला तो कदाचित अडथळा वाटेल. विकत घेण्याआधी कुणाकडे तरी ऐकून बघा.

आता रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकायची असेल तर कशी, हे सांगते. यात माझी आवड मिसळलेली आहे, ती तशीच घ्या.

दोन महिने हा अल्बम लावू नका. एखादं मिक्स ऐकून कान बोथट झाले की मी ते बाजूला ठेवते, तेच इथे करा. मग एका रात्री, घर झोपल्यावर, 45 मिनिटं काढा. स्पीकरवर शक्य असेल तर स्पीकरवर, पण आपल्या इमारतींच्या भिंती माहीत आहेत, तेव्हा हेडफोनही चालतील. पंखा एकवर ठेवा. हे किरकोळ वाटेल, पण छताच्या पंख्याचा आवाज त्या पहिल्या दोन मिनिटांवर बरोबर बसतो. फोन पालथा घाला. कॅसेटशी तुलना करू नका, निदान त्या रात्री तरी नको.

आणि कॅसेटने तुमच्यापासून काय लपवलं होतं ते शोधा. 'हॅव अ सिगार' संपताना सगळा बँड अचानक आकसून एका छोट्या रेडिओत गेल्यासारखा होतो. मग कुणीतरी रेडिओची खुंटी फिरवतंय, स्टेशनं सरकतात, त्यात चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक तुकडाही येतो. ते गिलमोरच्या गाडीतल्या रेडिओवरून रेकॉर्ड केलेलं आहे. त्यानंतर बारा तारांची गिटार वाजते, तीसुद्धा रेडिओतल्यासारखी बारीक, लांबची. आणि मग दुसरी गिटार येते, भरलेली, जवळची, जणू त्या रेडिओसमोर खोलीत बसून कुणीतरी साथ करतंय. ती सुरू होण्याआधी त्या माणसाचा श्वास आणि खोकला ऐकू येतो. हे सगळं शीर्षकगीत या दोन गिटारींमधल्या अंतरावर उभं आहे. एक माणूस इथे आहे, दुसरा फक्त एका यंत्रातून ऐकू येतोय. कॅसेटवरून भरलेल्या कॅसेटवर दोन्ही गिटारी रेडिओतल्यासारख्याच येतात, त्यामुळे ते अंतरच पुसलं जातं. तुम्ही तीस वर्षं त्या गाण्यावर प्रेम केलंत ते सुरावटीमुळे. त्यातली खोली तुम्ही पाहिलेलीच नाही. खोकला स्पष्ट ऐकू आला की समजा प्रत, पातळी आणि जागा तिन्ही नीट आहेत. लोकलमध्ये तो येणार नाही.

त्याच गाण्याच्या शेवटी वाऱ्याचा आवाज वाढतो. त्यात स्तेफान ग्रापेली या जॅझ वादकाचं व्हायोलिन आहे, जवळजवळ न ऐकू येणारं. हा अल्बम झाला त्या लंडनच्या अॅबी रोडलाच, दुसऱ्या स्टुडिओत, तो तेव्हा व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनबरोबर रेकॉर्डिंग करत होता. नीट ऐकू येणाऱ्या व्हायोलिनची आवृत्ती 2011 मध्ये बाहेर आली, ती अल्बम ऐकून झाल्यावर कधीतरी जरूर ऐका.

शेवटचा तुकडा, नऊ भागांच्या 'शाइन ऑन'चा उत्तरार्ध, मला सगळा सारखा आवडत नाही. त्यातला आठवा भाग आजही रेंगाळलेला वाटतो. पण नववा भाग एकट्या रिक राइटने लिहिलेला आहे आणि त्यासाठी मी बाकीचं सगळं ऐकून घेते. हा अल्बम मुळात सिड बॅरेटसाठी होता, ज्याने हा बँड उभा केला आणि 1968 मध्ये ज्याला तो सोडावा लागला. 5 जून 1975 ला, हेच काम चालू असताना, तो स्वतः न सांगता स्टुडिओत आला. जाड झालेला, डोकं आणि भुवया साफ केलेल्या. सोबत्यांनी त्याला आधी ओळखलंच नाही. ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. माझ्या कामात ती वेगळी भिडते, कारण ओळखीचा आवाज समोर असून न ओळखणारी माणसं मी पाहिलीत.

नवव्या भागाच्या अगदी शेवटी, आवाज विरत असताना, राइट सिंथेसायझरवर 'सी एमिली प्ले'चे काही सूर वाजवतो. ते बॅरेटचं 1967 चं गाणं. आणि इतका वेळ मायनरमध्ये राहिलेलं संगीत मेजरवर, म्हणजे उजळ छटेच्या स्वरमेळावर, येऊन थांबतं. हे काही सेकंद इतके हलके आहेत, की तुमच्या कॅसेटवर ते टेपच्या सरसरीखाली गेले असणार. म्हणूनच आपोआप दुसरं गाणं लागायची सोय बंद करायला सांगितली. 1994 मध्ये तुम्ही ऐकत होता तेव्हा बॅरेट आणि राइट दोघेही जिवंत होते. बॅरेट 2006 मध्ये गेला, राइट 2008 मध्ये. मला स्वतःला तो शेवट समजायला चाळिशी यावी लागली. तोवर मी 'वेलकम टू द मशीन'पाशीच थांबले होते. तुम्हालाही तसंच होईल, असं वचन मी देऊ शकत नाही. कदाचित हे सगळं करूनही काही होणार नाही, तेव्हा दुसरं काही ऐका आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण लोकलमधल्या त्या एका सकाळीवरून निकाल लावू नका.

कॅसेट अजून आईकडच्या कपाटात आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून शेवटी तिच्याबद्दल. ती लगेच वाजवायला घेऊ नका. मुंबईच्या हवेत तीस वर्षं राहिलेल्या टेपवर बऱ्याचदा बुरशी धरते. उजेडात धरून रिळांच्या कडेला पांढरट डाग दिसतात का बघा. दिसले तर कुठल्याही डेकमध्ये घालू नका, ती साफ करणाऱ्याकडेच न्या. डाग नसतील तर टेपच्या मागे लहानशी मऊ गादी असते, ती जागेवर आहे का पाहा. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुटतो. सगळं ठीक असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, मगच वाजवा. डिजिटल करायला द्याल तेव्हा वेग दुरुस्त न केलेली एक प्रत मागून घ्या. बरेच जण तुम्हाला न विचारता वेग सुधारून देतात, आणि मग तुमची कॅसेट त्यात राहत नाही. आतेभावाने आतल्या कार्डावर बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिली असतील तर त्याचा आजच फोटो काढून ठेवा, ती शाई उडत जाते.